तालुक्याच्या गावचे नर्सिंग महाविद्यालय : एका पालकाचे परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेले खासगी विनाअनुदानित बी.एस्सी. नर्सिंग महाविद्यालय हा या परीक्षणाचा विषय आहे. माझी भाची तेथे आठव्या सत्रात, म्हणजे अंतर्वासितेत (इंटर्नशिपमध्ये) आहे. तिचे आईवडील कोरडवाहू शेती करतात, त्यामुळे प्रवेशाच्या अर्जापासून शुल्काच्या पावत्यांपर्यंतचे सगळे व्यवहार पालक म्हणून मीच पाहिले. मी याच जिल्ह्यात आरोग्य सेविका आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले असल्यामुळे वॉर्डातले आणि गावातले काम मला परके नाही. महाविद्यालयाचे नाव देत नाही, कारण भाचीचे व तिच्या मैत्रिणींचे अंतर्गत गुण अजून त्यांच्याच हाती आहेत.

महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर दावा केला आहे की ही संस्था ग्रामीण आणि वंचित घटकांतील मुलींना नर्सिंगचे शिक्षण देण्यासाठी आणि या परिसराच्या आरोग्यसेवेसाठी स्थापन झाली. इमारत, वसतिगृहाचे जेवण, बसची सोय यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला हा दावाच तपासावयाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची जी व्याख्या केली, ती नर्सिंगलाही जशीच्या तशी लागू पडते : ज्या लोकसमूहाची सेवा करण्याची जबाबदारी संस्थेवर आहे, त्याच्या आरोग्याच्या निकडीच्या प्रश्नांकडे तिने आपले शिक्षण, संशोधन आणि सेवा वळवली पाहिजे, आणि ते प्रश्न कोणते हे तिने एकटीने ठरवायचे नाही, शासन, आरोग्यसंस्था, व्यावसायिक आणि लोक यांच्यासोबत ठरवायचे. या कसोटीवर मी महाविद्यालयाला पाचपैकी तीन तारे देते. त्यांतील दीड तारा एकाच अध्यापिकेचा आहे.

आधी वर्ग पाहू. वर्गात मुली बहुसंख्य आहेत, मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बहुतेकींच्या घरात बारावीच्या पुढे शिकलेले कोणी नाही. बंजारा, कुणबी, बौद्ध, गोंड, कोलाम, मुस्लिम अशा सर्व घरांतल्या मुली एका बाकावर बसतात, हे दृश्य माझ्या प्रशिक्षणाच्या काळातही होते आणि आजही मला ते आवडते. नर्सिंग हे महाराष्ट्रात फार पूर्वीपासून अशा स्त्रियांचे क्षेत्र राहिले आहे ज्यांना दुसरीकडे दार उघडे नव्हते. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी पाठवले, तेव्हा परक्या पुरुषांची शुश्रूषा, रक्त आणि मलमूत्र यांना हात लावणे यावरून पांढरपेशा समाजाने नाके मुरडली होती. ती नाके आज पूर्णपणे सरळ झाली आहेत असे मला वाटत नाही. लग्नाच्या बोलणीत ‘नर्स आहे, पण रात्रपाळी नाही ना?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. एवढे मात्र खरे की गरीब घरच्या मुलीला चार वर्षांत पगाराची नोकरी देणारे शिक्षण म्हणून या अभ्यासक्रमाला तोड नाही, आणि त्याच कारणाने त्याभोवती व्यापारही उभा राहिला आहे.

महाविद्यालयाचा युक्तिवाद असा की आमच्या वर्गात गरीब मुली आहेत, म्हणजे आम्ही समता पाळतो. पण या मुली सामायिक प्रवेश परीक्षा आणि आरक्षणाच्या नियमांमुळे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून येतात. त्यांना आत आणण्याचे श्रेय महाविद्यालयाचे नाही. आत आल्यावर त्यांचे काय होते, एवढेच महाविद्यालयाचे.

पैशापासून सुरुवात करते. शुल्क किती असावे हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि तो आकडा सूचनाफलकावर लावलेला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या आकड्याच्या बाहेरच्या रकमांची आहे. गणवेश ठरावीक दुकानातूनच, प्रात्यक्षिकाच्या वह्या महाविद्यालयाच्या भांडारातूनच, क्लिनिकल पोस्टिंगच्या, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाच्या, गावी ये-जा करण्याचे बसभाडे वेगळे, कौशल्य प्रयोगशाळेचे ‘विकास शुल्क’ वेगळे. यांपैकी निम्म्या रकमांची पावती साध्या कागदावर मिळते. बसभाड्याची पक्की पावती मागितली तेव्हा लिपिकाने मला ‘मॅडम, तुम्ही शासनात होता म्हणून विचारता, बाकी कोणी विचारत नाही’ असे सांगितले. बाकी कोणी का विचारत नाही, हे त्याला चांगले माहीत असावे.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत शासनाचे धोरण महाविद्यालयाच्या वागणुकीपेक्षा पुष्कळ पुढे आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व फ्रीशिप (शुल्कमाफी) पूर्वीपासून आहे. इतर मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण शुल्क आधी निम्मे माफ होत असे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे ते शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाले. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांतून, नव्हे. ही अट गावातल्या पालकांना कोणी नीट समजावत नाही. प्रवेशाच्या दिवसांत तालुक्याच्या बसस्थानकाजवळ बसणारे मध्यस्थ ‘सीट पक्की करून देतो’ म्हणून व्यवस्थापन कोट्यात नाव घालतात आणि मग त्या मुलीचे चारही वर्षांचे माफीचे दार बंद होते. महाविद्यालय म्हणते की मध्यस्थांशी आमचा संबंध नाही. तसे असेल तर ‘व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास शुल्कमाफी मिळत नाही’ असा एक फलक प्रवेशकक्षाबाहेर लावण्यास हरकत काय, हे मी लेखी विचारले होते. फलक अद्याप लागलेला नाही.

ज्यांना माफी लागू आहे त्यांचेही सुख पूर्ण नाही. शिष्यवृत्तीसाठीच्या शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज विद्यार्थिनीने भरला की तो महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो आणि तेथून लिपिकाने व प्राचार्यांनी पुढे पाठवावा लागतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते, यांपैकी एका कागदातली एक त्रुटी पुरते आणि अर्ज परत येतो. आमच्या महाविद्यालयात अर्ज लॉगिनला पडून राहतात, शासनाचा हप्ता उशिरा येतो, आणि तोवर परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख आली की ‘आधी रक्कम भरा, आली की परत करू’ असे सांगितले जाते. ज्या कुटुंबाकडे कापूस विकला जाईपर्यंत हाती पैसा नसतो, त्याने ती रक्कम कोठून आणावी? भाचीच्या वर्गातल्या दोघींच्या आयांनी बचतगटाचे कर्ज काढले आणि एकीने मंगळसूत्र गहाण ठेवले. ‘परत करू’ म्हटलेली रक्कम परत मिळते, हे प्रामाणिकपणे नोंदवते. पण कर्जाचे व्याज कोणी परत करत नाही.

त्याहून मला बोचली ती दुसरी गोष्ट. शिष्यवृत्तीची कागदपत्रे अपुरी असलेल्या मुलींची यादी वर्गात तास सुरू असताना, प्रवर्गासह, मोठ्याने वाचली जाते आणि त्या मुलींना उभे केले जाते. हे काम व्हॉट्सॲपवर व्यक्तिगत निरोप पाठवून दोन मिनिटांत होते. कोणती मुलगी कोणत्या जातीची हे जाहीर करण्याची गरज नर्सिंगच्या शिक्षणात कोठेही येत नाही, आणि ज्यांना उद्या रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्यास शिकवायचे आहे त्यांच्यासमोर तर मुळीच येऊ नये.

आता भाषा. आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत, आणि वर्गातल्या तीन चतुर्थांश मुली मराठी माध्यमातून बारावी झालेल्या. २०२१ पासून लागू झालेल्या नव्या सत्रपद्धतीच्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्राला संवादात्मक इंग्रजीचा विषय ठेवला आहे, हे योग्यच झाले. पण तो शिकवण्यासाठी येथे जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापक तासिका तत्त्वावर येत आणि अकरावीचे व्याकरण शिकवून जात. शरीररचनाशास्त्राचा तास मात्र थेट इंग्रजीत. परिणाम असा झाला की पहिल्या सत्रात मुली उत्तरे पाठ करून लिहू लागल्या. भाचीची वही मी पाहिली आहे. हृदयाच्या झडपांची नावे बिनचूक, स्पेलिंगसह. पण रक्त कोठून कोठे जाते हे मराठीत विचारले तर ती अडखळे. पाठांतर करणारी परिचारिका परीक्षेत निभावते, रात्रपाळीत निभावत नाही.

याला उपाय महाविद्यालयाने काढला नाही, मुलींनी काढला. वसतिगृहात वरच्या वर्गातल्या मुलींनी रात्रीच्या जेवणानंतर खालच्या वर्गाला मराठीतून विषय समजावून सांगायचा आणि मग सर्वांनी मिळून तेच उत्तर इंग्रजीत लिहायचे, अशी प्रथा पडली. वसतिगृहाच्या अधीक्षिकेने सुरुवातीला दिवे बंद करण्याच्या वेळेवरून त्यांना रागावले, नंतर तिनेच भोजनगृह उघडे ठेवले. या अभ्यासाला महाविद्यालयाने अधिकृत वेळ, एक खोली आणि शिकवणाऱ्या मुलींना थोडे श्रेय दिले असते, तर मी अर्धा तारा वाढवला असता. सध्या हा उपक्रम माहितीपुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत ‘समवयस्क अध्ययन केंद्र’ या नावाने, संस्थेच्या अध्यक्षांच्या छायाचित्रासह, छापलेला आहे.

नर्सिंगचे खरे शिक्षण खाटेजवळ होते, आणि तेथे महाविद्यालय सर्वांत कमकुवत आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे बी.एस्सी. महाविद्यालयाचे स्वतःचे शंभर खाटांचे पालक रुग्णालय असावे लागते आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असावा लागतो. संस्थेचे रुग्णालय आहे, खाटाही आहेत. रुग्ण मात्र निम्म्या खाटांवरही नसतात. नियमाप्रमाणे परीक्षेला बसण्यासाठी ऐंशी टक्के उपस्थिती आणि पदवीपूर्वी प्रात्यक्षिकांची शंभर टक्के पूर्तता लागते, म्हणून मुली रोज सकाळी कडक इस्त्रीच्या गणवेशात तेथे जातात, रिकाम्या खाटांच्या चादरी बदलतात, नाडी-तापमानाचे तक्ते एकमेकींचे भरतात आणि प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीवर सही घेऊन परत येतात. तपासणीच्या आठवड्यात वॉर्ड भरलेले असतात आणि एरवी न दिसणारे अध्यापक कर्मचारी कक्षात दिसतात. तपासणी पथक निघून गेले की दोन्ही ओसरतात.

हा प्रकार एका महाविद्यालयापुरता नाही, हे शेजारच्या राज्यावरून सर्वांना कळले आहे. मध्य प्रदेशात कागदोपत्री नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने महाविद्यालयांची चौकशी सीबीआयकडे सोपवली, आणि २०२४ मध्ये त्याच चौकशीत लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयच्या अधिकाऱ्यांनाच अटक झाली. कुंपणच शेत खाते म्हणतात ते हे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून, त्यात महाविद्यालयांचे मूल्यांकन आणि मानांकन करण्याची तरतूद आहे. ते मानांकन करताना खाटा मोजण्याऐवजी खाटेवरच्या रुग्णाला आणि शेवटच्या वर्षाच्या मुलीला एकेक प्रश्न विचारला, तरी बरेच काम होईल.

तुलनेने शासकीय रुग्णालयातील पोस्टिंग मुलींना फार शिकवून गेले. तेथे रुग्णांची गर्दी असते, सिस्टर कमी असतात, आणि विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे मनुष्यबळ असे मानले जाते. नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, केसपेपर शोधणे, स्ट्रेचर ढकलणे यात सकाळ जाते. तरीही सुई कशी धरावी, घाबरलेल्या नातेवाइकाशी काय बोलावे, डॉक्टरांना फोन केव्हा करावा, हे मुली तेथेच शिकल्या. महाविद्यालयाने सोबत पाठवावयाच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरपैकी एखादीच प्रत्यक्ष वॉर्डात थांबत असे. जी थांबे, तिच्या गटातल्या मुली आणि उरलेल्या मुली यांत आज अंतर्वासितेत स्पष्ट फरक दिसतो.

वर्गातल्या मुलग्यांबद्दल एवढेच सांगते की प्रसूती कक्षाच्या पोस्टिंगमध्ये त्यांना दाराबाहेर बसवून नोंदवह्या भरून घेतल्या गेल्या. अभ्यासक्रमात त्यांनाही प्रसविका विज्ञान आहे. रुग्णेची संमती घेऊन, सोबत स्त्री अध्यापिका ठेवून शिकवता येते. तेवढी तसदी कोणी घेतली नाही.

आता ज्या दीड ताऱ्याचा उल्लेख वर केला, त्याकडे येते. पाचव्या आणि सातव्या सत्रात सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय असतो आणि बावीस आठवड्यांच्या अंतर्वासितेतही त्याला चार आठवडे दिलेले आहेत. बहुतेक ठिकाणी हे पोस्टिंग रस्त्यालगतच्या सोयीच्या गावात उरकतात : सर्वेक्षणाचे अर्ज भरायचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत हात धुण्याचे प्रात्यक्षिक करायचे, चौकात पथनाट्य, फलक हातात धरून छायाचित्र. पूर्वीच्या तुकड्यांनी येथेही तेच केले होते. नव्या आलेल्या सामुदायिक आरोग्याच्या मॅडमनी पहिल्याच बैठकीत तालुका आरोग्य अधिकारी, उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा ताईंना बोलावून विचारले की तुम्हाला कोणत्या गावात हात कमी पडतात. उत्तर आले, कोलामांच्या पोडांवर.

कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक, आणि पोड म्हणजे त्यांची वस्ती, गावापासून बहुधा बाजूला. मुली तेथे गृहभेटींना गेल्या तेव्हा मीही, जुनी ओळख म्हणून, एकदा सोबत होते. भेटीची पद्धत पुस्तकाप्रमाणे झाली : ओट्यावर वर्तमानपत्राचा कागद अंथरला, त्यावर पिशवी ठेवली, बाहेरच्या कप्प्यातला साबण आणि रुमाल आधी काढून हात धुतले, मगच पिशवी उघडली. भाचीच्या गटाने अशक्तपणा आणि सांधेदुखीची तक्रार असलेल्या एका मुलाची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी विद्राव्यता चाचणी केली. द्रावणाच्या नळीत बोटातल्या रक्ताचा थेंब टाकून, मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा आरपार दिसल्या तर ठीक, नळी गढूळ राहून रेघा दिसेनाशा झाल्या तर पक्क्या निदानासाठी पुढची तपासणी. रेघा दिसल्या नाहीत. मुलाच्या आईला हे सांगायचे कसे, यावर सगळ्या अडल्या. कारण तिला मराठी जेमतेम कळत होते, आणि ‘तुमच्या रक्तातून आले आहे’ असे धसमुसळेपणाने सांगितले तर ती पुढच्या वेळी दारच लावून घेईल हे मला अनुभवाने माहीत होते.

त्या गटात कोलाम समाजातील एक मुलगी होती. औषधशास्त्राच्या पेपरात नापास झाल्यामुळे वर्गात मागच्या बाकावर गेलेली, शिष्यवृत्तीच्या यादीत हमखास उभी केली जाणारी. मॅडमनी तिला पुढे केले. ती त्या आईशेजारी जमिनीवर बसली आणि कोलामीत बोलू लागली. काय बोलली ते मला शब्दशः कळले नाही, पण आईने मध्येच प्रश्न विचारले, मुलीने बोटांनी आई-बाप-मुले अशी मांडणी करून दाखवली, आणि तपासणीसाठी तालुक्याला कधी यायचे हे ठरले. ती आई मुलाला घेऊन ठरल्या दिवशी आली. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आणि २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट त्याने ठेवले आहे. ते गाठायचे तर तपासणी संचांइतकीच असे बोलणे करू शकणाऱ्या परिचारिकांची गरज आहे. आणि महाविद्यालयाच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात? पिशवीच्या पद्धतीला गुण, नोंदलेखनाला गुण, गणवेशाला गुण. रुग्णाच्या भाषेत समजावून सांगण्यास एकही गुण नाही. मॅडमनी तक्त्याच्या खाली हाताने एक ओळ वाढवून गुण दिले. विभागप्रमुखांनी ती ओळ नमुन्यात बसत नाही म्हणून खोडली.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. फवारणीचा हंगाम दरवर्षी येतो. तरीही माझ्या माहितीप्रमाणे, मॅडम येईपर्यंत, महाविद्यालयाने या विषयावर एकही सत्र घेतले नव्हते; पथनाट्ये होत ती डिसेंबरात, एड्स दिनाला. मॅडमनी पोस्टिंगचा एक आठवडा हंगामात घेतला. मुलींनी फवारणी करणाऱ्या मजुरांना कपडे, हातमोजे, वाऱ्याची दिशा याबद्दल सांगितले, आणि मजुरांनी त्यांना सांगितले की हातमोजे मालक देत नाही आणि उन्हात प्लास्टिकचा अंगरखा घालून दोन तास उभे राहता येत नाही. हे मुलींनी अहवालात लिहिले, मॅडमनी तो अहवाल कृषी सहायकांना आणि ग्रामसभेला दिला. त्याच आठवड्यात सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन हा उतारा कसा देतात, डोळ्यांच्या बाहुल्या, छातीतला घरघराट आणि नाडी यांवर लक्ष ठेवून मात्रा कशी ठरते, हे त्यांनी रुग्णालयात पाहिले. भाचीच्या चार वर्षांतला तिला सर्वांत चांगला समजलेला धडा हाच.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात नव्या विद्यार्थ्यांची सुरुवात आश्रमातल्या शिबिराने होते आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पुरस्कृत विद्यार्थी शिक्षणानंतर ठरावीक काळ मिशनच्या रुग्णालयांत सेवा देतात. तेथे ही व्यवस्था संस्थेची आहे, माणूस बदलला तरी चालू राहते. आमच्याकडे ती एका व्यक्तीची आहे.

तक्रारनिवारणाबद्दल थोडक्यात. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे, तिच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत. पण मुलींचा अर्धा वेळ दुसऱ्याच रुग्णालयात जातो. तेथे कोणी त्रास दिला तर तक्रार महाविद्यालयाच्या समितीकडे करायची की रुग्णालयाच्या, हे मी विचारले तेव्हा प्राचार्यांनी ‘आमच्या मुलींना असा अनुभव येत नाही’ असे उत्तर दिले. ते माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

शेवटी नोकरी. दर्शनी भागात परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थिनींची छायाचित्रे लावलेली आहेत, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून जर्मन भाषेच्या वर्गाचीही जाहिरात आहे. मुलींनी जरूर जावे. ज्या कर्जाच्या जोरावर त्या शिकल्या ते फेडायचे आहे. येथे थांबणाऱ्यांची अवस्था मात्र कोणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस किमान वीस हजार रुपये वेतन असावे अशी शिफारस केली. या महाविद्यालयाच्या पालक रुग्णालयात, म्हणजे स्वतःच्याच घरात, नव्या पदवीधर मुलींना त्याच्या जवळपासही वेतन मिळत नाही. किती माजी विद्यार्थिनी जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत, ग्रामीण रुग्णालयांत किंवा समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करतात याची नोंद महाविद्यालयाकडे नाही. मी मागितली तेव्हा ‘अशी माहिती कोणी मागत नाही’ असे कळले.

पुढील प्रवेशाच्या वेळी पसंतीक्रम भरणाऱ्या पालकांसाठी : इमारत पाहण्याऐवजी पालक रुग्णालयात, तपासणीचा आठवडा सोडून, सकाळी अकराच्या सुमारास एक फेरी मारावी आणि भरलेल्या खाटा पाहाव्यात. प्रवर्ग आणि कोटा पावतीवर काय लिहिला आहे हे सही करण्याआधी वाचावे. शिष्यवृत्तीचा अर्ज कोणाच्या लॉगिनला आहे हे पोर्टलवर स्वतः पाहता येते, ते दर पंधरवड्याला पाहावे. आणि सामुदायिक आरोग्याच्या त्या मॅडम अजून तेथे शिकवतात का, हे अवश्य विचारावे. त्यांची नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर आहे, मुदत या सत्राअखेर संपते, आणि नूतनीकरणाचे पत्र त्यांना हे लिहीपर्यंत मिळालेले नाही. ते मिळाले नाही, तर वरच्या तीन ताऱ्यांतून दीड वजा करून वाचावे.